शेळीपतन आणि त्यावरील उपाययोजना

सौदामिनीबाई हिमायतनगरहून लातूरला राहायला आल्या त्या मुलाला डॉक्टर करण्यासाठी, आणि आल्यापासून मुलगा हसलेला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं अद्याप कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यांचे यजमान अनंतराव तिकडेच तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ते शनिवारी एसटीनं येत, मुलाचे मार्क पाहत आणि रविवारी परत जात. शिकायला आलेल्यांची घरं लातुरात साधारण अशीच चालतात. आई पोळ्या लाटते, बाप पगार पाठवतो, मूल टेस्ट देतं. सर्वेशही टेस्ट देत होता. जेवताना बोलत नव्हता, काही विचारलं तर "हं" म्हणत होता, आणि क्लासच्या सरांच्या मते ही प्रगतीची लक्षणं होती.

पुढे क्लासनं पालकांना कळवलं की शंकानिरसनाचे व्हिडिओ यापुढे घरी पाहायचे आहेत, सबब घरी इंटरनेट असणे आवश्यक. त्याच आठवड्यात क्लासनं असंही कळवलं की इंटरनेटमुळे मुलं बिघडतात, सबब घरी इंटरनेट नसणे इष्ट. अनंतरावांनी दोन्ही सूचना शांतपणे वाचल्या. उभा जन्म कचेरीत गेलेला माणूस अशानं गडबडत नाही. दोन्हींचं पालन होईल असा मार्ग त्यांनी काढला: इंटरनेट घ्यायचं, पण ते शेजारच्या घरात बसवायचं.

शेजारी अजीजभाई होते. गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान, आणि त्यांचा शहेबाज सर्वेशच्याच क्लासला. कनेक्शन त्यांच्या घरी आलं, खर्च निम्मा निम्मा ठरला, आणि मग मध्ये भिंत आली. ही भिंत इमारतीचे मालक रेवणप्पा यांनी भूकंपानंतर बांधली होती. भूकंपात रेवणप्पांचं जुनं घर जागचं हललं नव्हतं, पण रेवणप्पा हलले होते. तेव्हापासून त्यांनी जे जे बांधलं त्यात सिमेंटपेक्षा लोखंड जास्त घातलं. अजीजभाईंकडून निघालेलं वायफाय त्या भिंतीपर्यंत येई आणि आल्या पावली परत जाई. वायरीसाठी बोटभर भोक पाडू का, असं अजीजभाईंनी विचारलं तर रेवणप्पा दुखावले.

"खिळासुद्धा न्हाई ठोकायचा," ते भिंतीवर हात ठेवून म्हणाले. "धरणी फाटली तरी ही भिंत उभी राहनार हाय. तुमच्या इंटरनेटसाठी मी माणसं मारू काय?"

शेवटी वायर अजीजभाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून, भिंतीला वळसा घालून, मागच्या मोकळ्या जागेतल्या कपड्यांच्या दोरीवरून, वाळत्या टॉवेलांच्या सोबतीनं सौदामिनीबाईंच्या खिडकीत शिरली. वारा सुटला की टॉवेल हलायचे आणि इंटरनेटही हलायचं. व्हिडिओतले सर तोंड उघडं ठेवून थांबायचे. पण नियमाची पूर्तता झाली होती.

एका संध्याकाळी सौदामिनीबाई कणीक मळत असताना सर्वेशच्या खोलीतून चमत्कारिक आवाज आला. ठसका लागला असेल म्हणून त्या पाणी घेऊन धावल्या. पोरगं पोट धरून हसत होतं.

दोघा मुलांनी वायरीच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप लावून एक खेळ सुरू केला होता. शेळ्या भरलेला ट्रक डोंगरावर न्यायचा. एकानं ट्रक चालवायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून शेळ्या धरायच्या. इथं सर्वेशनं ट्रक वळवला की हलत्या वायरीमुळे शहेबाजला ते जरा उशिरा कळायचं, आणि तोवर शेळ्या दरीत जायच्या.

"अबे हळू ना!" शहेबाज पलीकडच्या खिडकीतून ओरडला. "लंगडी गेली की माझी!"

"लंगडीच्या मागं मीबी चाललो!" सर्वेश म्हणाला आणि ट्रकसकट दरीत गेला.

सौदामिनीबाई पाण्याचा गिलास घेऊन स्वयंपाकघरात परत आल्या आणि ते पाणी स्वतःच प्यायल्या. त्यांना रडू येत होतं. कितीतरी दिवसांनी आपलं पोर आपल्याला परत भेटलं असं त्यांना वाटलं, आणि कणकेच्या हातांनी डोळे पुसता येईनात. समोरच्या खिडकीत अजीजभाईंची बायको साबेरा उभी होती.

"भाभी, हसून राहिले ना दोघं?"

"हसून राहिले."

"मग राहू द्या. बोलू नका कुणाला."

त्या बोलल्या नाहीत. रोज जेवणाआधी घटकाभर दरीत शेळ्या पडत, दोन्ही घरांत हशा होई, आणि सर्वेश जेवताना "आई, आज भाजी मस्त झाली" इतकं लांबलचक वाक्य बोलू लागला. पण एकदा शुक्रवारी सुट्टी आली आणि अनंतराव एक दिवस आधीच येऊन थडकले. दारात चप्पल काढतानाच त्यांना घरात हशा आढळून आला.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पाय धुतले, चहा घेतला आणि चौकशी लावली. अजीजभाईंनाही बोलावणं गेलं.

"पोरं हाय अनंतराव," अजीजभाई म्हणाले. "जरा वेळ खेळून राहिले. त्यात काय एवढं?"

"सुरुवात जरा वेळानंच होत असते, अजीजभाई. ती वायर काढलेली बरी."

वायर गेली की हसू जाणार, हे सौदामिनीबाईंना लख्ख दिसत होतं. मूल हसतं म्हणून वायर ठेवा, असं सांगायला हवं होतं. पण लातुरात असं कारण चालत नाही, हे त्या एव्हाना शिकल्या होत्या. म्हणून त्यांनी चालणारं कारण दिलं.

"अहो, त्यानं एकाग्रता वाढते. हात आणि डोळा एकदम चालतो. सर्जनला तेच लागतं म्हणे."

अनंतरावांचा कप ओठांशी थांबला. "म्हणजे याचा फायदा आहे?"

"आहे ना."

"कुणी सांगितलं?"

"पालकांच्या ग्रुपवर आलं होतं."

एवढा सज्जड पुरावा आल्यावर अनंतरावांचा सूरच बदलला. "मग हे असं पोरखेळासारखं का चाललंय? फायद्याची गोष्ट आहे तर ती पद्धतशीर व्हायला पाहिजे."

वायर वाचली म्हणून सौदामिनीबाईंनी त्या दिवशी शिरा केला. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले.

अनंतरावांनी प्रथम खेळाचं वेळापत्रक लावलं. पहाटे, मेंदू ताजा असताना, प्राणायामानंतर शेळ्या. मग पडलेल्या शेळ्यांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की शेळीपतनास मुलं जबाबदार नसून वायर जबाबदार आहे. अजीजभाईंनाही आता चेव आला होता. आपलं पोरगं मागं पडायला नको, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी जाड वायर आणली, नवा राउटर आणला आणि निरोप जायला यायला लागणारा वेळ इतका कमी केला की सर्वेशनं ट्रक वळवायच्या आधीच शहेबाजला समजावं. शेळ्या पडेनाशा झाल्या. मुलं हसेनाशी झाली.

"बघितलंस?" अनंतराव बायकोला म्हणाले. "किती गंभीरपणे करून राहिले आता."

इमारतीत बातमी पसरली. वरच्या मजल्यावर शेषेराव सर राहत. ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि त्यांची बॅच काही केल्या भरत नव्हती. त्यांनी शेळी कधी पाळली नव्हती आणि गेम कधी खेळला नव्हता, त्यामुळे दोन्ही विषयांकडे ते त्रयस्थपणे पाहू शकत होते. आठवडाभरात त्यांच्या नोट्स निघाल्या. 'शेळी: व्याख्या व प्रकार', 'वळण: एक अडचण', 'शेळीपतनाची कारणे सविस्तर लिहा'. पाठोपाठ टेस्ट सिरीज आली. घाटातल्या वळणावर ट्रकचा वेग दुप्पट केल्यास सर्वप्रथम कोणती शेळी पडेल: काळी, लंगडी, गाभण, की यांपैकी एकही नाही? खेळातला प्रत्यक्ष ट्रक पहिले काही महिने कुणाला मिळत नव्हता. आधी थिअरी पक्की करायची होती.

मग माणसांची रीघ लागली. माहूरहून एक गृहस्थ मुलाला देवीच्या पायावर घालून थेट इकडे घेऊन आले. उदगीरची गंगम्मा नातवाला घेऊन आली आणि त्याच्यासाठी खोली शोधत गल्लीभर फिरली. सहावीपासून फाउंडेशन सुरू झालं, ज्यांच्या शेळ्या मागच्या वर्षी पडल्या त्यांच्यासाठी रिपीटर बॅच सुरू झाली. पार्किंगमध्ये बाकं आली आणि दुचाक्या रस्त्यावर गेल्या. वायरी इतक्या झाल्या की कपड्यांच्या दोरीवर टॉवेलाला जागा उरली नाही, तेव्हा रेवणप्पांनी स्वतः उभं राहून भिंतीला भोकं पाडून घेतली.

"अहो, आणि भूकंप?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

"भूकंप काय रोज येतो का बाई?" रेवणप्पा म्हणाले. "अ‍ॅडमिशन रोज येऊन राहिले."

सर्वेश हुशार निघाला. त्याला स्टार बॅच मिळाली. शहेबाजला जनरल. सोबत खेळायचं तर बरोबरीचा भिडू हवा, म्हणून सर्वेशला निलंग्याचा एक अव्वल मुलगा नेमून दिला. तो मुलगा शेळ्या उत्तम धरायचा आणि कधीच बोलायचा नाही. दोन मित्र शेजारी राहतात म्हणजे एकमेकांची उत्तरं पाहणार, या रास्त संशयावरून दोन घरांमधली वायरही काढण्यात आली. खिडक्या समोरासमोरच होत्या, पण त्यातून आता कुणी ओरडत नव्हतं. सर्वेश पुन्हा "हं" वर आला. साबेरा आणि सौदामिनीबाई कपडे वाळत घालताना एकमेकींकडे बघत आणि बादल्या उचलून आत जात.

अशात एका दुपारी सौदामिनीबाई भाजी घेऊन आल्या तर जिन्यातच त्यांना हसू ऐकू आलं. खोलीतून, मोठ्यानं, पोट धरून हसल्यासारखं. त्यांच्या हातून पिशवी सुटली आणि टोमॅटो पायऱ्यांवरून घरंगळत गेले. त्या तशाच धावल्या, दार ढकललं.

आत अनंतराव आणि अजीजभाई बसले होते. मुलाच्या अभ्यासावर देखरेख करायला अनंतरावांनी अर्जित रजा काढली होती. अजीजभाईंचे डोळे हसून हसून गळत होते.

"गेली, गेली, गाभण गेली! अनंतराव, तुम्हाला ट्रक काय, सायकल द्यायची सोय न्हाई!"

दारात बायको पाहून अनंतराव सावरले. "पेपर काढून राहिलो," ते म्हणाले. "उद्या पोरांची टेस्ट आहे."

"पोरं कुठंयत?"

"खाली. थिअरी करून राहिलीत."

सौदामिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला हाताला धरून खोलीबाहेर काढलं, अजीजभाईंनाही काढलं. पार्किंगमधून दोन्ही मुलांना बोलावून आणलं, शेजारी शेजारी बसवलं, साबेरालाही हाक मारली.

"खेळा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाहिजे तसं खेळा. वेळ लावली नाही, कुणी बघणार नाही. पाडा सगळ्या शेळ्या."

मुलं ताठ बसली होती. शहेबाजनं साबेराकडे पाहिलं, मग सौदामिनीबाईंकडे.

"काकू, पडली तर मायनस हाय का?"

"नाही रे बाळा. काही नाही मायनस."

सर्वेशनं हात माउसवर ठेवला, पुन्हा काढला आणि नम्रपणे विचारलं, "आई, हे पोर्शनमध्ये आहे का?"

साबेरानं तोंडाला पदर लावला. सौदामिनीबाईंनी नाही म्हणावं तर मुलं उठून अभ्यासाला गेली असती आणि हो म्हणावं तर गंभीरपणे खेळली असती. त्या उत्तर शोधत असेपर्यंत दोघं उठली, खुर्च्या जागेवर लावल्या आणि खाली निघून गेली.

ही हकिकत पुढे बरीच फिरली. ऐकणारे हळहळतात, आईच्या हातून पिशवी सुटल्याचं ऐकून काहींचे डोळे पाणावतात, आणि निघताना चप्पल घालता घालता हळूच क्लासचा पत्ता विचारतात. पत्ता द्यायला हरकत नाही. पण प्रवेशाआधी शेषेराव सर पालकांना एकच प्रश्न विचारतात: तुमचं मूल कशानं हसतं? ज्याला सांगता येतं त्याच्या उत्तरावर ते नवी बॅच काढतात. ज्याला सांगता येत नाही त्याला जास्त काही विचारत नाहीत, सरळ प्रवेश देतात, कारण त्या घरातलं निम्मं काम आधीच झालेलं असतं. तुमचा प्रवेश झाला म्हणून समजा.