भिंतीवरचं सूप

सकाळी गिरजाबाई छपरीत आल्या आणि तशाच भिंतीकडे धावल्या. भिंतीवरचं सूप एका अंगाला कललं होतं आणि त्यातलं धान घरंगळत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी सूप सावरायला घेतलं, तर हाताला नुसतं काजळ लागलं.

"दीपाली, हे काय करून ठेवलं वं?"

त्यांची सून दीपाली पोराला खांद्यावर थोपटत बाहेर आली. पोरगं झोपलं की जो काय वेळ सापडे, त्यात तिने आठवडाभर बसून हे चित्र काढलं होतं. गेरूचं सूप, चुन्याचे दाणे, आणि प्रत्येक दाण्याला एकाच बाजूने पोराच्या डबीतल्या काजळाची बारीक कड. ती कड देईपर्यंत दाणे गुमान पडून होते. आज पहाटे शेवटची ओळ झाली आणि सगळं सूप हललं. तिची तीच दचकली. एका दाण्यावर नजर रोखली की तेवढा थांबे, बाकीचे सारे खाली सरकत. हे आपल्या हातून झालं, यावर तिचा अजून विश्वास बसत नव्हता.

दुपारपर्यंत कोंबड्या भिंतीला चोची मारून थकल्या. पाण्याला निघालेल्या शेजारणी रिकामे हंडे कमरेवर घेऊन तिथेच खिळल्या. एकीला चक्कर आली. तिला सावरायला दुसरी पुढे झाली, तर तिलाही आली. गिरजाबाईंना घाम फुटला. उद्या त्यांच्या लेकीला, रीनाला, बघायला वडशाचे पाहुणे यायचे होते, आणि बसवायचं होतं याच छपरीत.

"पावने पोरगी पाहतीन का भित?" त्या म्हणाल्या. "चुना मार त्याच्यावर."

दीपालीने पोराला जरा जास्तच घट्ट धरलं.

चुना मारायला शेजारच्या मुखरूभाऊंना बोलावलं. बराच वेळ कुंच्याचा आवाज येईना, म्हणून सासू-सुना बाहेर आल्या. मुखरूभाऊ बादलीशेजारी उकिडवे बसून वर बघत होते.

"बाई, हे जरासं थांबलं का मारतो," ते हळूच म्हणाले.

गिरजाबाईंनी त्यांच्या हातातला कुंचा हिसकावला, चुन्यात बुडवला आणि भिंतीवर उगारला. उगारलेला हात तिथेच राहिला. काठाशी आलेले दाणे आता पडतील, मग पडतील, असे सरकत होते. कुंच्यावरचा चुना टपटप त्यांच्याच पायावर गळत होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी नकळत सुपाखाली पदर धरला होता.

"दीपाली," भिंतीवरची नजर न काढता गिरजाबाई म्हणाल्या, "पोरगं दे माह्याजवळ. अन् याच्या खाली एक मोठं टोपलं काढ. पावन्यायसमोर घरचं धान असं भुईवर सांडून राह्यलं, तं कसं दिसन?"