पिंगळे साहेबांची न झालेली बाग

पिंगळे साहेब समोरच्याला मेलेला धरूनच बोलायला सुरुवात करायचे. नगराध्यक्षांच्या वाढदिवसाला केबिनमध्ये केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेब तोंडातला घास संपवून शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही नसाल तेव्हा टेकडीवरच्या झाडांना पाणी कोण घालणार?" अध्यक्षांच्या हातातला केक हातातच राहिला. त्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती, आणि साहेबांना ते माहीत नव्हतं असं मुळीच नाही.

मावळातल्या आमच्या या नगरपालिकेचं नाव मी सांगणार नाही. मला अजून पेन्शन घ्यायची आहे. लोणावळ्याला निघालेल्या गाड्या दर शनिवारी आमच्या चौकात अडकून बसतात, एवढी खूण पुरे. इथला उद्यान विभाग म्हणजे अधीक्षक पिंगळे साहेब, हेडक्लार्क मी आणि माळी बबनभाऊ. काम काय म्हणाल, तर पाहुण्यांना पुष्पगुच्छ, स्टेजपुढे कुंड्या आणि पावसाळ्यात वृक्षारोपण. वृक्षारोपणाचे खड्डेसुद्धा ठरलेले. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो. उन्हाळ्यात रोप वाळलं की पुढच्या फोटोला खड्डा मोकळा. बबनभाऊ म्हणायचे, "बाई, झाड येक जगलं न्हाई, खड्डा तेवडा जगलाय बगा."

साहेबांना हे सगळं बंद करायचं होतं. पालिकेच्या मालकीची एक टेकडी होती. वर थोडी जांभळं, बाकी नुसतं गवत. तिथं पुढच्या दोन पिढ्यांना पुरेल अशी बाग करायची आणि विभागानं तेवढ्याच कामाला वाहून घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. कोणी पुष्पगुच्छाचं विचारायला आलं की म्हणायचे, "आजचं सोडा हो. आपण नसू तेव्हाचं बोला." आमचा शिपाई मुलगी बघायला जायचं म्हणून सुट्टी मागायला आला, तर त्यालाही हेच. त्याचं लग्न ठरलं, पण साहेबांना पत्रिका द्यायची काही त्याची छाती झाली नाही.

बागेचा आराखडाही माणसासारखाच तऱ्हेवाईक. पायरी एकसुद्धा नाही. गेट एकच, आणि रस्ता कसाही फिरला तरी यायचा त्या गेटाशीच. गेटाला लागून माळ्याची खोली. माळी बदलायचा नाही, कारण काय तर रोज तेच तोंड दिसलं पाहिजे. आणि कण्हेर तर त्यांना बागेत दिसायलाच नको होती.

मी म्हटलं, "का हो साहेब? बिनपाण्याची येते ती बिचारी."

"विषारी असते. कुणी तोंडात घातली म्हणजे?"

"मग पोरांच्या आया काय झोपा काढतात?"

"आई नसेल तेव्हाचं बोला, बाई."

आता घ्या. मी कपाळाला हात लावला आणि आराखडा टाईप करायला घेतला.

सभेत तो मांडला तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "साहेब, तुमची बाग डोळ्यांना दिसायची म्हणजे माझे नातू म्हातारे व्हायचे. मला निवडणूक पुढच्या वर्षी आहे." सगळे हसले. टेकडी सपाट करून पार्किंग, कठड्याशी सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचे दोन मोर, असं मंजूर झालं. मला असा संताप आला म्हणून सांगू. तऱ्हेवाईक का असेना, आमच्या विभागानं जन्मात केलेला तो एकमेव विचार होता. साहेबांनी आराखडा गुंडाळून काखेत मारला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

पुढच्या मंगळवारी एका पत्रावर त्यांची सही हवी होती आणि साहेब जागेवर नव्हते. मी बबनभाऊंना फोन लावला.

"हितंच टेकडीवर हायेत की," ते म्हणाले. "मंगळवारी दुपारी लेकीला घिऊन येत्यात न्हवं."

"कुठली लेक?" इतकी वर्षं मी साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. बायको वारली, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

"येकच हाय. तिशी वलांडली आसंल, पर डोक्यानं ल्हान पोर. हितं फिरली की लय शांत असती. दुसरीकडं कुटं न्हेली तर वरडती."

मी रिक्षा केली. मी टाईप केलेली ती बाग रस्ताभर डोळ्यांपुढून हलेना. ती बाग एकाच माणसासाठी आखली होती, आणि सभेत सगळे तिच्यावर हसले होते.

टेकडीवर पाण्याच्या टाकीमागे साहेब लपून बसले होते. मला बघताच त्यांनी हातानं दाबल्यासारखी खूण केली. "खाली बसा, खाली बसा. तिला दिसाल." मग काय, पालिकेचे उद्यान अधीक्षक आणि हेडक्लार्क, दोघंही टाकीमागे उकिडवे.

"अहो, हे काय चाललंय?"

"सवय लावतोय तिला," ते हळूच म्हणाले. "आधी मागं मागं चालायचो. आता दिसतच नाही. मी गेल्यावर बबनच्या घरी राहायचीय ती. निदान बबनपर्यंत एकटीनं जायला यावं. खोदायला घेतील आता, तोवर एवढं झालं पाहिजे."

ती जांभळाखाली उभी होती. केस पिकायला लागलेले आणि दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी बांधलेल्या. साहेबच घालत असणार. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि हाक मारली, "आप्पा." साहेबांनी डोळे मिटून घेतले. तिनं पुन्हा हाक मारली, रडवेल्या आवाजात. मला राहवेना. मी उठायला लागले तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"नका हो बाई. पाया पडतो तुमच्या."

थोड्या वेळानं तिच्या हाका थांबल्या. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि पायवाटेनं खाली, पायथ्याशी बबनभाऊ थांबले होते तिकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. मग खालून बबनभाऊंचा आवाज आला, "साहेब, आली बगा हिकडं."

"जमलं की हो, साहेब," मी म्हटलं. वळून बघते तर ते रुमाल तोंडात धरून रडत होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, तर ते साहेब.

"जा ना आता खाली," मी म्हटलं. "वाट बघत असेल."

"नाही बाई," ते म्हणाले. "आता नाही बघत."