मकरून-चाखणीचे दरबाराची हकीकत

॥ श्री ॥ चुलीतील अग्नीस आणि जिभेवरील देवतेस नमन करोन, जे या डोळ्यांनी पाहिले आणि जे मकरून खाता खाता कानी आले, ते लिहितो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीचे दिवशी राजधानीत मोठे निवाड्याचे प्रकरण जाहले, त्याचे वर्तमान ऐसे.

पेठेत भिवराबाई म्हणोन एक बाई भट्टी चालवीत असे. तोफखान्यात एक फरासीस गोलंदाज चाकरीस होता, त्याचे बायकोपासोन ती एक मिठाई शिकली. बदामाचे पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटोन त्याच्या बारीक टिकल्या भाजाव्या, टिकलीचे बुडास नाजूक झालर उमटली पाहिजे, आणि मग दोन टिकल्यांमध्ये सारण भरोन जोडाव्या. फरासीस तीस मॅकरॉन म्हणत, पेठेने मकरून केले. केशर, कोकम, पिस्ता, आले आणि गुलाब ऐसे पाच जातीचे मकरून निघो लागले आणि पेठेस वेड लागले. सरदार पालखी थांबवोन खाऊ लागले, आणि शास्त्रीबोवा अंडे वर्ज्य म्हणोन औषधादाखल दोन नेऊ लागले, आणि मग ते औषध त्यांस रोज लागो लागले. तो शेजारील राज्याचे वकील राजकन्येचे सोयरिकीस येणार ऐसी खबर आली आणि श्रीमंत राणीसाहेब बोलिल्या, "वकिलांपुढे हेच ठेवावे." हे ऐकोन मुदपाकखान्याचे दारोगा अंताजीपंत यांचा चेहरा उतरला, कारण तीस वर्षे दरबारचे पक्वान्न त्यांचे हातचे. मग त्यांनी अर्ज केला की, "पेठेतील जिन्नस दरबारात येणार, तर आधी निवाडा व्हावा. पसंत पडले तर आमचे काही म्हणणे नाही. नापसंत जाहले तर ती भट्टी विझवावी, शहरात धूर फार होतो." राणीसाहेबांनी मान्य केले आणि निवाडा सरकारचे चाखणीस विसोपंत यांजकडे सोपविला.

आता विसोपंतांची गोष्ट ऐसी की, वीस वर्षे ते दरबारी येणारा प्रत्येक पदार्थ आधी चाखीत, आणि त्यांचे जिभेचा लौकिक चहूकडे होता. परंतु मागील आषाढात शहरात तापाची साथ आली, त्यात पंत आठ दिवस अंथरुणास खिळले, आणि उठले तो तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेलेले. मीठ आणि साखर त्यांस एकच जाहली. हे त्यांनी घरी बायकोसही सांगितले नाही. मग युक्ती केली की घास तोंडात घालोन डोळा राणीसाहेबांचे डावे भुवईवर ठेवावा. पदार्थ पाहोन भुवई वर गेली तर पसंत, खाली आली तर नापसंत, आणि वरोन मोठाली वचने बोलावी. साध्या वरणास ते "पूर्वार्ध संयमी, उत्तरार्ध उदार" म्हणत, आणि दरबार माना डोलवी, आणि कारकून लिहोन घेई. सात महिने ऐसे निभावले. परंतु सप्तमीस दरबार भरला, पाच जातीचे मकरून चांदीचे परातीत मांडले, आणि अंताजीपंत बोलिले, "चाखणीसांनी कोणाचे तोंड पाहोन निवाडा करू नये. पडद्याआड चाखावे. करणारीने तेथेच समोर बसावे, काही पुसणे जाहले तर पुसता येईल." राणीसाहेब म्हणाल्या, "वाजवी आहे." आणि पडदा पडला, आणि विसोपंतांस भुवई दिसेनाशी जाहली.

पडद्याआड पंतांनी केशराचा मकरून उचलिला आणि चावला. वरचा पापुद्रा कुरकन मोडला, आतील भाग मऊ लागला, दाढेस किंचित चिकटला, आणि पुढे काही नाही. मग पिस्त्याचा खाल्ला, तोही तैसाच. भिवराबाई हात जोडोन त्यांचे तोंडाकडे पाहात होती. ती हळूच म्हणाली, "पंत, कसे आहे ते खरे सांगा. बरे नसले तरी सांगा." पंत म्हणाले, "बाई, पेठ तर तुमचे गुण गाते." ती म्हणाली, "पेठ तोंडावर गोडच बोलते. मला खरे ठाऊक नाही. आषाढातील तापात माझी चव गेली. तेव्हापासोन मापाने घालते, हाताने ओळखते, आणि भट्टीपुढे बसोन देवाचे नाव घेते. साखर पडली की मीठ पडले, हे मला गिऱ्हाईक परत आले म्हणजे कळते. आपणासारखी जीभ राज्यात दुसरी नाही, म्हणोन आज भीती असोनही आले." हे ऐकोन पंत पुढे झुकले आणि म्हणाले, "कोणता ताप? आठ दिवसांचा, ज्यात पाठ फार दुखली तो?" ती म्हणाली, "तोच." पंत म्हणाले, "बाई, मलाही तोच आला होता." मग तिचे ओठ हलले, आणि पंतांचे पोट हलले, आणि ती पदर तोंडात कोंबो लागली, आणि पंतांनी उपरणे कोंबले, तरी आवरेना, आणि दोघे ऐसे हसो लागले की पडद्याची कडी खुळखुळली.

बाहेर दरबार चकित जाहला. कोणी म्हणाले, मकरूनाचा प्रताप. अंताजीपंत म्हणाले, "यात भांग आहे." शास्त्रीबोवा म्हणाले, "भांग नाही, मला ठाऊक आहे," आणि लगेच गप्प जाहले. राणीसाहेबांनी पडदा ओढविला, तो दोघे डोळे पुसीत बसलेली. "निवाडा सांगा," आज्ञा जाहली. पंत उठले, "याचा पूर्वार्ध," इतके बोलिले, आणि भिवराबाईचे तोंडाकडे पाहिले, आणि पुढील शब्द निघेना. मग त्यांनी चाखणीसाची शाल खांद्यावरोन काढोन पायापाशी ठेविली आणि तापापासोन सर्व सांगितले, आणि बाईनेही आपले सांगितले. राणीसाहेब म्हणाल्या, "सात महिने? मग दसऱ्याचे श्रीखंड तुम्ही अलौकिक म्हणालात ते?" पंत म्हणाले, "आपली भुवई वर गेली होती." राणीसाहेब म्हणाल्या, "मला शिंक येत होती." आणि त्या स्वतःच हसो लागल्या, तेव्हा दरबारासही हसण्याची मोकळीक जाहली.

मग राणीसाहेबांनी हात पुढे करोन कोकमाचा मकरून खाल्ला, आणि सर्वांनी भुवईकडे पाहिले, तो त्यांनी भुवईवर पदर ओढोन घेतला आणि आज्ञा केली, "आता ज्याने त्याने आपले जिभेने खावे आणि जे लागेल ते साध्या शब्दांत बोलावे." मग काय विचारता, परातीवर झुंबड जाहली. सेनापती केशराचे दोन तोंडात घालोन बोलो गेले ते कोणासच कळले नाही. फडणीस म्हणाले, कोकमाचा खाऊन आजोळचे अंगण आठवले, आणि बाजूस जाऊन उभे राहिले. आल्याने खजिनदारांस उचकी लागली, तरी उचकीगणिक एक ऐसे ते खात गेले. अंताजीपंतांनी शेवटी गुलाबाचा घेतला, चावला, थांबले, आणि म्हणाले, "बाकीचे चार उत्तम. हा मात्र उटण्यासारखा लागतो." सर्वांस वाटले, बाई आता रडेल. परंतु तिचा चेहरा उजळला. ती धावत त्यांजपाशी गेली आणि पुसो लागली, "किती उटण्यासारखा? अत्तर जास्त की सारण कच्चे?" अंताजीपंत दारोगा खरे, परंतु त्याआधी आचारी. भट्टी विझवायची होती हे विसरोन ते सांगो लागले, "अत्तर निम्मे करा. आणि थेंबभर लिंबू." ती म्हणाली, "सात महिन्यांत मला कोणी ऐसे सांगितले नाही. उद्या येऊन सांगाल?" ते म्हणाले, "सकाळी येतो."

निवाडा ऐसा जाहला की भट्टी चालावी, चार जाती वकिलांपुढे ठेवाव्या, गुलाब दुरुस्त होय तोवर वगळावा. वकील आले, मकरून खाल्ले, सोयरीक जमली. विसोपंतांची चाखणीशी गेली, परंतु सरकारातून वर्षासन चालू राहिले, आणि ते रोज भट्टीवर जाऊन बसो लागले. टिकली मोडताना आवाज खरा येतो की नाही, इतके ते कान लावोन सांगत. पुढे चैत्रात एके सकाळी कोकमाचा तुकडा तोंडात असता ते चावायचे थांबले. भिवराबाई म्हणाली, "काय झाले?" पंत म्हणाले, "आंबट आहे." तिने घाईने एक तोंडात घातला, डोळे मिटले, पुष्कळ वेळ चावला, आणि मान हलविली. "मला नाही लागले," ती म्हणाली. मग तिने पाट ओढला, त्यांजसमोर बसली आणि दुसरा मकरून त्यांचे हाती दिला. "खा आणि मला सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

येणेप्रमाणे मकरूनाचा निवाडा जाहला, सोयरीक जाहली, आणि अंताजीपंतांनी गुलाब दुरुस्त करविला. लिहिणाराने पाचही जाती खाऊन लिहिले आहे. चूक असेल ती हाताची, जिभेची नव्हे.