दाखल क्रमांक ११४३ची वाटणी

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत असलेल्या एका गावच्या वाचनालयात दाखल क्रमांक ११४३ ही कादंबरी आक्षेपार्ह असल्याचं कार्यकारिणीला मोबाईलवरून समजलं. कादंबरी अकरा वर्षं कपाटात होती आणि एवढ्या काळात ती कुणी मागितली नव्हती, त्यामुळं गावाच्या भावना आजवर सुरक्षित होत्या. आता त्या दुखावल्या. सातही सदस्यांच्या, एकाच सकाळी.

अध्यक्ष महालिंगप्पांनी ग्रंथपाल महानंदाबाईंना फर्मावलं, की शनिवारपर्यंत पुस्तक हटवा, नाहीतर वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवा. किल्ली गेली म्हणजे नोकरी गेली. पण बाईंना घोर निराळाच लागला. आज न वाचता एक पुस्तक गेलं, तर दिवाळीपर्यंत कपाटात झुरळंच उरतील.

बाई भांडल्या नाहीत. वीस वर्षं कार्यकारिणीसोबत काढलेलं माणूस भांडत नसतं. त्यांनी एक कोरा तक्ता आखून पुढं सरकवला: पान, ओळ, आक्षेप, वाचणाऱ्याची सही.

"काढते की अप्पा. फक्त एवढं भरून द्या. उद्या तपासणीला साहेब आले, तर न वाचता काढलं म्हणून तुमचंच नाव व्हायचं."

नाव व्हायचं म्हटल्यावर अप्पा खाली बसले.

आता दोनशे ऐंशी पानं वाचायची कुणी? माणसं सात, पुस्तक एक, मुदत चार दिवस. अशा वेळी आपल्याकडं जे करतात तेच झालं. वाटणी. शिवण उसवून प्रत्येकाला चाळीस पानं मोजून दिली. बाईंचा जीव तीळतीळ तुटला, पण पुस्तक गेल्यापेक्षा सुटं झालेलं बरं, म्हणून त्यांनी दोरा तेवढा जपून ठेवला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आले. सगळ्यांचा एकच सूर: माझ्या वाट्यात काही नाही, शेजारच्या वाट्यात असणार. त्यात बलभीमरावांचा वाटा भलत्याच जागी संपलेला. विहिरीवर गेलेली बाई परत आली की नाही, ते कळेना. पुढची पानं शरणप्पांकडं, आणि आधी मागची दे म्हणून शरणप्पा अडून बसलेले. शेवटी गावात सोयाबीनच्या भावापेक्षा त्या बाईचीच चर्चा वाढली, आणि शनिवारपर्यंत सातही जणांचं सगळं पुस्तक वाचून झालं.

बैठक भरली. तक्ता कोराच. पण काहीच सापडलं नाही असं लिहायचं, तर कार्यकारिणी चार दिवस करत काय होती? तासभर विचार करून अप्पांनी तोड काढली.

"आमाला काय झालं न्हाय बाई. आमी जाणती माणसं. पण लोकाला झेपायचं न्हाय."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कुठल्या लोकाला, तेवढी नावं लिहून द्या. त्यांना देत नाही."

हे सगळ्यांना पटलं. बलभीमरावांनी शरणप्पांच्या घरातली नावं दिली, शरणप्पांनी बलभीमरावांच्या. अप्पांनी अख्खी भावकी लिहिली. चार पानांत गाव संपलं. ठराव मंजूर झाला, किल्ली बाईंच्या कमरेलाच राहिली. बाईंनी यादी फलकावर लावली आणि घरी जाऊन पुस्तक पुन्हा शिवलं.

सोमवारी दार उघडायच्या आधीच रांग. पुढं सत्तरीच्या गजराबाई.

"मला झेपत न्हाय म्हणणारा कोण त्यो? आण ते पुस्तक."

नाव कमी करायचं, तर पुस्तक झेपतं हे वाचून सिद्ध करावं लागेल, असं बाईंनी नियम सांगावा तशा गंभीरपणे सांगितलं. गजराबाईंनी सिद्ध केलं. मग बाईंनी त्यांच्यापुढं वही धरली आणि विचारलं, की आता हे कुणाला झेपणार नाही. गजराबाईंनी क्षणभरही न थांबता दोन्ही सुनांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी दोन्ही सुना रांगेत.

यादी अजून फलकावर आहे आणि रांग काही हटत नाही. पुस्तक वाचून आजवर कुणालाच काही झालेलं नाही. आणि "कुणालाही द्या" असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही.

तुम्हीही इथवर वाचलंत, तुम्हालाही काही झालं नाही. आत्ता मनात ज्याचं नाव आलं, तेवढं बाईंना कळवा. रांगेत जागा आहे. आणि जाताना फलकावर नजर टाका, तुमचं नाव कुणीतरी दिलेलंच असेल.