मोटारीचे पोटीं गंज निघाला त्याची हकीकत

श्रीगजानन, श्रीकुलस्वामिनी आणि ज्याचे कांठीं हें राज्य वसलें तो सागर, ऐसें तिघांस नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके अठराशें सत्याण्णव, राक्षस नाम संवत्सर, चैत्रमास. समुद्रकांठीं एक राज्य होतें. राज्य केवढें, तर सकाळीं घोडा मोकळा सोडावा तो दुपारीं शेजाऱ्याचे हद्दींत चरतांना सांपडावा. परंतु ऐट मोठी, दरबार मोठा, आणि राज्याचें भूषण म्हणजे एक मोटार. थोरल्या महाराजांनीं ती तरुणपणीं विलायतेहून आणविली, रंग मोरपंखी, दिवे हंड्यांएवढे, आणि नारळीपौर्णिमेस आईसाहेबांस शेजारीं बसवून आपण स्वतः हांकीत पुळणीवरून थेट लाटेंत नेली, आणि चाकें पाण्यांत उभीं असतां आईसाहेबांनीं सागरास नारळ अर्पिला. तोच पायंडा पडला. मग थोरले महाराज कैलासवासी जाहले, धाकटे महाराज गादीवर बसले, आईसाहेबांचे गुडघे गेले, पालखींत मांडी घालून बसवेना, तरी वर्षास एकदां त्या मोटारींतून समुद्रास जावें हा नेम त्यांनीं सोडिला नाहीं. एरवीं त्या वाड्याबाहेर पडत नसत. त्या एका दिवसावर त्यांचें वर्ष चाले.

मोटारखान्याचे दरोगे सुभानजी शेलार. मिशा पिळदार, बोलणें तुटक, आणि मोटारीवर जीव. दर नारळीपौर्णिमेनंतर मोटारीचें वरचें अंग ते गुलाबपाण्यानें पुसीत, मऊ कातड्यानें चकाकवीत, काच ऐसी करीत कीं माशी घसरावी. खालीं मात्र कोणी पाहिलें नाहीं, कारण स्वारीच्या वाहनाखालीं डोकावणें ही बेअदबी, ऐसा त्या राज्याचा रिवाज. सबब समुद्राचें मीठ आणि ओली वाळू वर्षानुवर्षें मोटारीचे पोटास चिकटून राहिली. चैत्रांत एके दिवशीं सुभानजींचे हातून एक स्क्रू निसटला आणि मोटारीखालीं गेला. आसपास कोणी नाहीं ऐसें पाहून ते उताणे होऊन आंत शिरले, वर पाहतात तो तांबडे पापुद्रे लोंबत आहेत. अंगठ्यानें दाबलें, तो अंगठा आरपार. वर मागची डावी बैठक, म्हणजे आईसाहेबांचे पाय टेकावयाची जागा. सुभानजी तैसेच दरबारीं गेले.

मुजरा करून बोलले, "सरकार, मोटारीचे पोटीं गंज आहे. बहुत आहे." आतां हें घरोघरींच्या बायकापोरांस कळतें. परंतु त्या दरबारांत साधी मराठी साधेपणें कोणी ऐकत नसे. पारसनीस नारोपंत, ज्यांस फारशी येई आणि येते हें विसरूं न देणें हाच ज्यांचा उद्योग, ते उठले आणि म्हणाले, "सरकार, गंज हा फारशी शब्द. अर्थ खजिना. थोरल्या महाराजांनीं मोटारीचे पोटीं खजिना ठेविला, हें उघड आहे." महाराजांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तीर्थरूप आबासाहेब जातांना मोटार सांभाळा ऐसें बोलले होते. आम्हांस तेव्हां कळलें नाहीं." मग दरबारीही डोळे पुसूं लागले, कारण महाराज पुशीत होते, आणि सुभानजी खुलासा करावयास तोंड उघडतात तोंच त्यांचे खांद्यावर जरीचा शेला पडला आणि गंजाधिकारी हा किताब जाहला. शेला भारी होता. सुभानजींनीं तोंड मिटलें. उद्यां सांगूं म्हणाले, आणि उद्यां उजाडला तो लोकांचे मुजरे घेऊन उजाडला.

मग मोटारीवर पहारा बसला. आणि खजिन्यास्तव बेअदबी माफ करून नारोपंतांनीं खालीं डोकावून पाहिलें, तो दारांचे खालचे कडेस लहान लहान भोंकें दिसलीं. "येथून खजिना गळेल," ऐसें म्हणून तीं सर्व लाखेनें बुजविलीं आणि साऱ्या पोटास डांबराचा जाड हात दिला. तीं भोंकें आंत शिरलेलें पाणी निघून जावें म्हणून ठेविलेलीं, हें सुभानजींस ठाऊक होतें. डांबराचें भांडें त्यांनींच धरिलें होतें. मग ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, मोटारखान्याचें छप्पर गळकें, दारांचे रबर जुने, पाणी वरून आंत जाई आणि खालून वाट नाहीं. दार उघडलें कीं आंत डुबुक वाजे. नारोपंत कान लावून म्हणत, "नाणीं हालतात." सुभानजींस मात्र अन्न गोड लागेना. ते डुबुक ऐकत आणि शेला सारखा करीत.

श्रावण लागला तैसें आईसाहेबांनीं सुभानजींस बोलावून घेतलें आणि विचारलें, "मोटार तयार आहे ना?"

"जी, आईसाहेब."

"आणि हें गंज गंज काय चाललेंय वाड्यांत? तवा गंजतो तो गंज का हो?"

सुभानजींनीं शेला काढला, घडी केली, आईसाहेबांपुढें ठेविला आणि म्हणाले, "तोच. आपण पाय ठेवितां तेथेंच पत्रा खाल्ला आहे. बसून निघालों असतों तर वाटेंत तळ गेला असता."

"आणि इतके महिने तुम्ही काय करीत होतां?"

"शेला पांघरून होतों, आईसाहेब."

आईसाहेब रागावल्या नाहींत. रागावत्या तर सुभानजींस सोपें गेलें असतें. त्या इतकेंच म्हणाल्या, "मोटार नसली तर मला समुद्र नाहीं. पौर्णिमेला पंधरवडाही राहिला नाहीं, आणि तुम्ही उभे काय राहतां?" मग खुर्चींत बसून आपण जातीनें मोटारखान्यांत आल्या, महाराजांस आणि नारोपंतांस बोलावणें गेलें, आणि सर्वांसमक्ष सुभानजींनीं पहिली लाख काढिली. तांबडें पाणी भळाभळा निघालें आणि नारोपंतांचे नवे जोडे भिजले. महाराजांनीं वांकून त्या पाण्यांत हात घालून चांचपलें. हातीं चिमूटभर पापुद्रे आले. बापानें आपणासाठीं कांहीं ठेविलें ऐसें एकदां वाटलें कीं तें सोडणें जड जातें, आणि महाराज कांहीं काळ ती चिमूट तैसीच धरून होते.

नारोपंत म्हणाले, "झांकली मूठ सव्वा लाखाची. वरून डांबराचा आणखी एक हात द्यावा, पौर्णिमा निभून जाईल."

सुभानजी म्हणाले, "पंत, झांकलें म्हणूनच फोफावलें. ओल आंत कोंडून बाहेरून कुलूप घातलें आपण. भांडें मीच धरलें होतें, तेव्हां आपणास एकट्यास बोल नाहीं."

मग मोहीम सुरू जाहली. मोटार ओंडक्यांवर चढविली, गाद्या काढिल्या, डांबर खरवडून काढिलें, आणि सुभानजी व मोटारखान्याची सारी शिबंदी तारेचे ब्रश घेऊन गनिमावर तुटून पडली. जेथें पत्रा चकचकीत दिसला तेथें फत्ते जाहली, जेथें भुगा पडला तेवढा मुलूख कापून टाकिला आणि नवा पत्रा वेल्डिंगनें जोडिला. कोरडें केल्याविना रंग लावूं नये ऐसा सुभानजींचा हट्ट, आणि बाहेर श्रावणसरी, तेव्हां शेगड्या पेटवून मोटारीखालीं सरकविल्या आणि पोट सुकविलें. मग लाल प्रायमर दोन हात, त्यावर काळा रंग, पोकळ जागीं पातळ तेल, आणि भोंकें सर्व मोकळीं. नारोपंतांकडे भोंकांत काडी घालून पाहण्याचें काम दिलें, तें त्यांनीं मन लावून केलें. आईसाहेब रोज खुर्ची आणवून बसत आणि राहिलेली जागा काठीनें दाखवीत.

पौर्णिमेस सकाळीं ऊन पडलें. आईसाहेब डाव्या बैठकीवर बसल्या, महाराज शेजारीं, हांकावयास सुभानजी. वाजत गाजत स्वारी पुळणीवर आली, आणि कोरड्या वाळूची हद्द संपली तेथें सुभानजींनीं मोटार उभी केली. ज्या पोटासाठीं हाडें मोडलीं तें पुन्हां खाऱ्या पाण्यांत घालावयास त्यांचा हात धजेना. महाराजही म्हणाले, "आईसाहेब, नारळ आम्ही नेऊन टाकतों. मोटार जपली पाहिजे."

आईसाहेब म्हणाल्या, "कशासाठीं जपायची?"

सुभानजींनीं आरशांत पाहिलें, तो आईसाहेब नारळ मांडीवर धरून समोर लाटेकडे पाहत बसल्या आहेत, ऐशा कीं मोटार थांबली आहे हें त्यांचे गांवींही नसावें. मग सुभानजींनीं गिअर टाकला. चाकें ओल्या वाळूंत रुतलीं, निघालीं, लाट पुढें आली, पाणी नव्या पत्र्यास लागलें तो आवाज सर्वांनीं ऐकिला, आणि तळ पक्का राहिला. आईसाहेबांनीं दार उघडून नारळ सोडिला आणि कांहीं वेळ हात तैसाच पाण्यावर धरिला. वाड्यावर परतल्यावर कोणी हुकूम केला नाहीं, परंतु महाराजांनीं अंगरखा उतरविला, विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली घेतली, आणि मोटारीखालीं उताणे होऊन पोट आपण स्वतः धुतलें.

पुढें आईसाहेब आणखी दोन पौर्णिमा समुद्रास गेल्या. तिसरे वर्षीं मागची डावी बैठक रिकामी होती. तरी मोटार लाटेंत नेली, नारळ महाराजांनीं सोडिला, आणि परत आल्यावर महाराज नेहमीप्रमाणें खालीं शिरले. पाणी पडावयाचें थांबलें, भोंकांतून निथळावयाचें तें निथळलें, तरी महाराज बाहेर आले नाहींत. सुभानजी दुसरी बादली घेऊन उभे राहिले. कोणी हांक मारिली नाहीं.

हकीकत इतकीच. मोटार अद्याप चालते, तळ शाबूत आहे. यांत कमीजास्त असेल तें लिहिणाराचें, तथ्य तें सागराचें. लेखनसीमा.