चाक जड झाल्याची कौटुंबिक चौकशी

यंत्र बिघडलं की आधी ते चालवणारी बाई तपासावी, हा निदानशास्त्राचा पाया आहे. यंत्र मुकं, त्याला विचारून काय मिळणार? बाई बोलते, त्यामुळे तिच्यात चूक लवकर सापडते. मी चौथी शिकलेली, मला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. आमच्या घरात बाकी सगळ्यांना येतं.

आमची गाडी जुनी आहे. (किती जुनी? आम्ही घेतली तेव्हाच ती आधी दोघांना नकोशी झालेली होती.) तिच्यातून मी रोज तीन लॉजच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल इस्त्री करून पोचवते आणि मळलेले गठ्ठे घेऊन येते. लाँड्री माझी, गिऱ्हाईक माझं, गाडीही माझ्याच नावावर. एवढ्या तीन गोष्टी सोडल्या, तर घरात माझं काही चालतं असं नाही.

तर स्टिअरिंगचं चाक जड झालं. सरळ रस्त्याला ठीक, पण लॉजच्या मागच्या बोळात वळवायला जावं तर ओली गोधडी पिळल्यासारखं व्हायचं. वळवताना पुढून कण्हल्याचा आवाज. आणि गाडी उभी करायची तिथे जमिनीवर तांबूस, चिकट डाग. हे सगळं मी जेवताना मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, हात दुखतात का गं तुझे?"

अशा रीतीने चौकशी सुरू झाली.

चौकशी मंडळावर मुलगा (अध्यक्ष), जावई (तज्ज्ञ, कारण त्यांच्या फोनची बॅटरी जास्त वेळ टिकते) आणि गॅरेजवाला (निमंत्रित) अशी मातब्बर माणसं होती. सून चहा आणण्यापुरती सभासद होती. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्या डागाला तेलाचा वास येतोय." मंडळाने चहात साखर कमी असल्याची नोंद घेतली.

गॅरेजवाला फार अनुभवी माणूस. गाडीजवळ आला, बॉनेटवर कोपर टेकवून उभा राहिला आणि विचारलं, "चालवतं कोण?"

"आई," मुलगा म्हणाला.

"मग बरोबर आहे."

(कोपर टेकवल्यामुळे बॉनेट उघडता आलं नाही. पण एकदा टेकवलेला कोपर उचलायचा म्हणजे त्या धंद्यात कमीपणा मानतात.)

मंडळाचे निष्कर्ष एकमताने आले. कण्हल्याचा आवाज हा कमी ऐकू येत असल्यामुळे होणारा भास आहे. (कमी ऐकू येणाऱ्या बाईला जास्तीचा आवाज कसा ऐकू येतो, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.) डाग हा कुठल्यातरी कपड्याचा गेलेला रंग आहे. जडपणा वयाचा आहे.

तरी अन्याय नको, म्हणून जावईबापूंनी प्रयोग सुचवला. हाताची ताकद मोजायची. मी म्हटलं मोजा. भिजवलेली दुहेरी चादर घेतली, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मी पिळा घातला. चादर कोरडी झाली आणि जावईबापू निम्मे गरगरून हौदाच्या काठावर बसले.

"लागलं का हो, जावईबापू?"

"नाही, आई. पण बघा ना, मी हेच म्हणत होतो."

अहवालात आलं की ताकद आहे, पण तिच्यावर ताबा नाही. अशी ताकद रस्त्यावर सोडणं लोकहिताचं नाही. एकूण तपासणीत माझे हात तपासणारे तिघे, कान तपासणारे दोघे, गाडी तपासणारं कोणी नाही. चावी माझ्याकडून तात्पुरत्या स्वरूपात काढून घेण्यात आली. तात्पुरतं म्हणजे काय, ते ज्यांनी एकदा घरात काही दिलंय त्यांना सांगायला नको.

आता चादरी मुलगा पोचवू लागला. पहिल्याच दिवशी त्या बोळात त्याने चाक फिरवलं, ते फिरेना. त्याने उठून, दात-ओठ खाऊन फिरवलं, तेव्हा फिरलं, पण तोवर फाटकाचा खांब मध्ये आला होता. एक दिवा फुटला. घरी येऊन दोन्ही हात पोटाशी धरून ओरडला, "ही गाडी आहे की रेडा? स्टिअरिंग संपूर्ण गेलंय!"

क्षणात दुखणं माझ्या अंगातून निघून गाडीच्या अंगात शिरलं. इतका झटपट गुण कुठल्या औषधाने येत नाही. गॅरेजवाल्याने या खेपेला कोपर उचलून बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या तेलाची डबी कोरडी ठणठणीत, खालची नळी चिरलेली. नळी बदलली, तेल भरलं, चाक एका बोटावर फिरू लागलं.

मी हात पुढे केला. "आण चावी."

"आई, आता उलट धोका वाढलाय," अध्यक्ष म्हणाले. "तुझ्या हाताला जड चाकाची सवय. हे इतकं हलकं, एकदम भर्रकन फिरलं म्हणजे?"

तर्क बिनतोड होता. जड चाक मला झेपत नव्हतं, हलकं मला सोसणार नव्हतं. मधलं चाक अजून कुणी काढलेलं नाही.

इकडे मुलाने एका लॉजच्या चादरी दुसरीकडे आणि अभ्रे तिसरीकडे नेऊन टाकले. लॉजच्या मॅनेजरचा फोन आला, "मावशी, उद्यापासून तुम्ही येणार असाल तर सांगा, नाहीतर मी दुसरी लाँड्री बघतो." आयुष्यभर उकळत्या पाण्यात हात घालून उभं केलेलं गिऱ्हाईक, ते एका फोनवर जायच्या बेतात आलं. मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "विषय पुढच्या बैठकीत घेऊ." गठ्ठे उचलून त्याची पाठ धरली होती, म्हणून बैठक आडवी होऊन चालली होती.

अध्यक्षांची पँट मात्र धुवायला आली. खिशात चावी. आमच्या लाँड्रीत मी स्वतः पाटी लावून घेतलीय: खिशात राहिलेल्या वस्तूंना आम्ही जबाबदार नाही. नियम घरच्यांना वेगळा कसा लावणार?

सकाळी गाडी जागेवर नाही म्हटल्यावर मंडळ पुन्हा बसलं. चोरीला गेली असावी, असं एकमत झाल्याचं सुनेने मला फोनवर हसत हसत सांगितलं.

हे वाचून तुम्ही माझ्या बाजूने झालात, त्याबद्दल आभार. बिचारी म्हातारी, या वयात काय हा छळ, असंच म्हणालात ना? मी वय कुठे सांगितलंय, जरा वर जाऊन बघा. सापडणार नाही. तरी तुम्ही मला पांढरे केस दिलेत, कवळी दिलीत, एका डोळ्यात मोतीबिंदूही टाकलात. मला बावन्नावं लागलंय. लग्न लवकर झालं, मुलगा लवकर झाला. आता बाजूला सरका, लॉजच्या गाद्या उघड्या पडल्यात.