आप्पा आणि बंगळुरूचा भाव

रोज संध्याकाळी सहाला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आप्पा टीपॉयवर तीन मोबाइल ओळीने मांडतात आणि विमानाच्या तिकिटांचा लिलाव पुकारतात. त्यांतला एकच मोबाइल त्यांचा. दुसरा माझा आणि तिसरा माझ्या नवऱ्याचा, तो सापडला तर. हल्ली पावणेसहा वाजले की नवरा मोबाइलसकट बाथरूममध्ये जाऊन बसतो.

आप्पांनी पस्तीस वर्षं लासलगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारले. मग नाशिकला पंचवटीत राहायला आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. घरात आता ते एकटेच, आवाज मात्र अजून ट्रॅक्टरांच्या रांगेला पुरेल एवढा.

त्यांची एकुलती एक लेक सुनीता बंगळुरूला असते. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण. आई नाही, सासूबाईही नाहीत, म्हणून तिने आप्पांनाच बोलावलं. तिकीट मीच काढते म्हणाली, तर "भाव मी काढतो," म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. त्याला तीन आठवडे झाले.

"बोल, तू बोल!" आप्पा पहिल्या मोबाइलवर खेकसतात. तो पाच हजार दोनशे म्हणतो. दुसरा चार हजार नऊशे. आप्पांचा चेहरा उजळतो, पण पैसे भरायच्या पानावर जाईपर्यंतच. तिथे सीटचे वेगळे, बॅगेचे वेगळे, सुविधा शुल्क म्हणून आणखी काही, आणि आकडा साडेपाचच्या पुढे.

"बघा ताई! भाव येगळा, हमाली-तोलाई येगळी! आमच्याकडं असं केलं असतं तर शेतकऱ्यांनी बाजार बंद पाडला असता."

'आत्ता अकरा जण हेच तिकीट बघत आहेत,' असं तिसऱ्याने सांगितलं की आप्पा त्याला शिक्षा म्हणून पालथा घालतात. "गिऱ्हाईक लय हाय म्हणून जो घाई करतो, त्याचा माल खराब समजायचा."

मी शाळेत गणित शिकवते. थांबून थांबून तिकीट महागच होतंय, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. "आवक होऊ द्या ताई, भाव पडतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता विमानांची आवक कुठून व्हायची, कपाळ!

परवा सुनीताचा मला फोन आला. रडकुंडीला आली होती. "काकू, आप्पांना यायचंच नाहीये का? तसं असेल तर स्पष्ट सांगा म्हणावं." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चार पैशांसाठी पोरीला रडवतात म्हणजे काय?

रविवारी दुपारी, कधी नव्हे ते, एका साइटवर सगळं धरून चार हजार आठशे दिसले. मोबाइल घेऊन मी तडक त्यांच्या घरात घुसले. दार उघडंच होतं.

आप्पा मोरीत पाटावर बसले होते. लेंगा गुडघ्यांपर्यंत वर, पाय लांब पसरलेले. पायांवर टॉवेलात गुंडाळलेले कांदे, डोक्याच्या जागी एक मोठा. शेजारी आमच्या कॉलनीतल्या बाळांना अंघोळ घालणाऱ्या कुसुमबाई ओरडत होत्या, "मान धरा, आप्पा, मान!"

आप्पांनी वर पाहिलं. लाजलेबिजले नाहीत.

"मोजून तीन किलो हाय," म्हणाले. "पोर एवढंच भरतं म्हणे."

मी मोबाइल पुढे केला. "चार हजार आठशे. हमाली-तोलाई धरून."

त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "भाव पहिल्याच दिवशी पटला होता, ताई. पण तिची आई असती तर गेल्या गेल्या पोर पायावर घेतलं असतं. मी जाऊन काय करू? कोपऱ्यात बसून चहा मागू? म्हटलं, हात बसल्याशिवाय जायचं नाय."

इतके दिवस मनातल्या मनात मी त्यांना किती शिव्या घातल्या होत्या! माझीच मला लाज वाटली.

"हात बसलाय त्यांचा," कुसुमबाई म्हणाल्या. "फक्त पाणी घालताना पुकारू नका म्हणावं. पोर दचकेल."

मोरीच्या दारातच बसून मी नाव, वय, तारीख भरली. आप्पांचे हात ओले होते, म्हणून शेवटचं बटणही मीच दाबलं. ते टॉवेलाच्या टोकाने त्या मोठ्या कांद्याचं कपाळ टिपत होते.